मेटाबायसल्फाइट घालूनही वाइनवर पांढरा तवंग येतो, तेव्हा

फसफस थांबली, गाळ खाली बसला, चव घेतली तर छान लागली. नियमाप्रमाणे वाइन टिकवणारी पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची पावडर घातली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी पाण्याची झडप) लावला आणि बरणी कोपऱ्यात ठेवून दिली. दीड-दोन महिन्यांनी बाटल्या भरायला म्हणून बाहेर काढली, तर वर पिठासारखा पांढरा तवंग आणि वासाला आंबटाची बारीक झाक. पुढच्या खेपेला पावडर दुप्पट घातली, तरी पुन्हा तेच.

माझ्या सलग तीन खेपा अशा गेल्या. पहिली अननसाची, दुसरी द्राक्षाची, तिसरी सफरचंदाची. पहिल्या वेळी मी फळाला दोष दिला, दुसऱ्या वेळी यीस्टला, तिसऱ्या वेळी पावडर शिळी असेल म्हणून नवं पाकीट आणलं. खरा दोष तिन्ही वेळा एकच होता आणि तो रोज डोळ्यांसमोर होता. वीस लिटरच्या बरणीत सतरा लिटर वाइन होती. वरच्या तीन लिटरच्या रिकाम्या जागेकडे मी कधी लक्षच दिलं नाही.

फळाची वाइन बिघडते ती बहुतेक वेळा आंबताना नाही, बाटलीतही नाही. बिघडते ती या दोन्हींच्या मधल्या शांत काळात. आंबत असताना वाइन स्वतःचं रक्षण स्वतः करते. एक किलो साखर आंबली की अडीचशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बरणीतली सगळी हवा तो ढकलून देतो, एअरलॉक बुडबुडत राहतो आणि बाहेरचं काही आत यायला वाव नसतो. फसफस संपली की ही राखण संपते. आपल्याला मात्र नेमकं त्याच वेळी वाटतं की आता काम झालं, आता नुसती ठेवायची.

आधी ओळखा, नेमकं काय आलंय

बरणी हलवू नका. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. वरून उजेड टाकला तर काचेची चमकच दिसते.

कोरडं पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसत असतील आणि ते हळूहळू एकमेकांना जोडून सुरकुतलेली साय होत असेल, तर तो तवंगाचा यीस्ट आहे. वाइन आंबवणाऱ्या यीस्टचाच हा भाऊबंद, पण याला जगायला हवा लागते, म्हणून तो फक्त वरच पसरतो. बरणीला हलका धक्का लागला की साय फुटते आणि तिचे तुकडे खाली बुडतात. वास सुरुवातीला फारसा बदलत नाही, नंतर शिळा आणि पचपचीत होतो. वाइन वाचवण्याची संधी या टप्प्यावर चांगली असते.

तवंग पांढरा नसून पातळ, राखाडी, जवळजवळ पारदर्शक असेल, तेलाचा थर पसरल्यासारखा, आणि नाकाला व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास लागत असेल, तर तो ॲसिटोबॅक्टर आहे. हे जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात. नेलपॉलिशचा वास येतो तो इथाइल ॲसिटेटचा, आणि व्हिनेगरच्या वासाआधी बऱ्याचदा तोच जाणवतो. चिलटं यांची सर्वात मोठी वाहक. बरणीच्या तोंडाशी एक चिलट दिसलं तरी मी ते हलक्यात घेत नाही.

लोकरीसारखी, केसाळ, हिरवी किंवा काळी वाढ असेल तर ती बुरशी. ती सहसा आंबवण्याच्या सुरुवातीलाच, वर तरंगणाऱ्या फळाच्या चोथ्यावर येते. रंगीत बुरशी नीट पसरलेली असेल तर वाइन टाकून द्या. वरचं काढून खालचं वापरण्याचा मोह इथे धरू नये.

आणि कधीकधी काहीच झालेलं नसतं. काचेलगत बारीक बुडबुड्यांची कडा असते, किंवा विरघळलेला वायू वर येताना गाळाचे छोटे पुंजके सोबत आणतो. बोटाने बरणीला टिचकी मारून बघा, बुडबुडे सुटून विरतात. तवंग विरत नाही.

तवंग नसतानाही वाइन बिघडू शकते. रंग पिवळट-तपकिरी होत जातो, ताज्या फळाचा वास जाऊन कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो. हा हवेचा सरळ परिणाम, यात जंतूंचा हात असेलच असं नाही. वाइन ओतताना तेलासारखी धार लागते, तार सुटते, तेव्हा ते लॅक्टिक जिवाणूंचं काम असतं. आणखी एक फसवा दोष आहे. वासाला वाइन ठीक, घोट घेतानाही ठीक, पण गिळल्यावर काही क्षणांनी तोंडात उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव उमटते. वाइनच्या आंबटपणात ही चव दबलेली असते, लाळेने आंबटपणा कमी झाला की वर येते. दोन थेंब तळहातावर चोळून हुंगलं की हा दोष नाकाला आधीच कळतो. यावर घरच्या घरी उपाय नाही.

तीन लिटर हवेचा हिशोब

पावडर घालूनही का बिघडते, हे मला कागद-पेन घेऊन बसल्यावर कळलं. तो हिशोब इथे मांडतो, कारण त्यानंतर माझी पद्धतच बदलली.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के. म्हणजे तीन लिटर रिकाम्या जागेत सुमारे ६३० मिलिलिटर ऑक्सिजन, वजनाने साधारण ०.८ ग्रॅम. सतरा लिटर वाइनमध्ये तो वाटला तर लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम येतो. आता सल्फर डायऑक्साइडची बाजू बघा. मेटाबायसल्फाइटच्या पावडरीतून वाइनमध्ये सुटतो तो हाच, आणि बोलताना आपण त्यालाच सल्फाइट म्हणतो. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन निकामी करायला रसायनाच्या हिशोबाने चार मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड खर्च होतो. म्हणजे त्या एका रिकाम्या जागेतला ऑक्सिजन लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट गिळू शकतो. आपण घातलेलं असतं ५०. प्रत्यक्षात सगळा ऑक्सिजन सल्फाइटशी जुळत नाही, काही वाइनमधल्या रंगद्रव्यांशी, काही फिनॉलशी. तरीही ५० मिलिग्रॅमची राखण काही आठवड्यांत का उडून जाते, हे यातून दिसतं. पावडर दुप्पट केली तरी हे गणित सुटत नाही, आणि उगाच वाढवत नेली तर नाकात काडी पेटवल्यासारखा झोंबरा वास तेवढा वाढतो.

व्हिनेगरचा हिशोब मात्र धीर देणारा आहे. तोच ०.८ ग्रॅम ऑक्सिजन सगळा ॲसिटोबॅक्टरने वापरला तरी त्यातून दीड ग्रॅमच्या आसपास ॲसिटिक ॲसिड होईल, म्हणजे लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षाही कमी. नाकाला व्हिनेगर जाणवायला लिटरमागे साधारण ०.७ ग्रॅम लागतं. म्हणजे एकदा आत अडकलेल्या हवेने वाइनचं व्हिनेगर होत नाही. ते होतं पुनःपुन्हा हवा बदलल्याने. झाकण उघडलं, वास घेतला, नळी घालून चमचाभर चव घेतली, पुन्हा बूच लावलं. दरवेळी सगळीच हवा बदलते असं नाही, पण दर दोन दिवसांनी उघडलं तर महिन्याभरात ती सात-आठ वेळा नक्कीच पूर्ण बदलून होते.

माझं हेच होत होतं. वाइन चांगली झाली याचा आनंद इतका, की जो येईल त्याला चाखवायची. एका वेळी शंभर मिलिलिटर धरले तरी वीस वेळांत दोन लिटर जातात. गाळावरून काढली तेव्हा बरणीत एकोणीस लिटर होती, ती सतरावर अशी आली. रिकामी जागा एका लिटरची तीन लिटर झाली, आणि ती मीच केली होती.

जागा भरायची कशी

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे लहान भांडं. सतरा लिटर वाइनला वीसची बरणी कधीच नको. दहा, पाच आणि दोन लिटरच्या तीन बरण्या काठोकाठ भरा. फळाची वाइन करणाऱ्याकडे एका मोठ्या बरणीपेक्षा निरनिराळ्या मापांच्या बरण्या हव्यात, हे माझं ठाम मत आहे. गाळ काढताना दरवेळी माप घटणारच, मग भांडंही घटत गेलं पाहिजे.

दुसरा उपाय, तशाच चवीच्या चांगल्या वाइनने भर घालणं. मागच्या खेपेची एखादी बाटली यासाठी राखून ठेवावी. भर घालण्याआधी ती बाटली स्वतः चाखून बघा. बिघडलेल्या अर्ध्या बाटलीने चांगली बरणी नासवलेली मी पाहिली आहे.

पाण्याने भर घालायची सूचना सर्रास दिली जाते. शंभर-दोनशे मिलिलिटर असेल तर ठीक. पण ११ टक्के अल्कोहोलच्या सतरा लिटर वाइनमध्ये तीन लिटर पाणी घातलं की अल्कोहोल ९.४ टक्क्यांच्या खाली येतं, आंबटपणाही तेवढाच पातळ होतो. राखण करणाऱ्या दोन्ही गोष्टी आपणच कमी करायच्या आणि मग तवंग का आला म्हणून विचारायचं, हे बरोबर नाही.

काचेच्या गोट्या चालतात, पण नीट धुऊन, उकळून आणि सल्फाइटच्या पाण्यातून काढून. रंग दिलेल्या किंवा चकाकी चढवलेल्या नकोत, साध्या काचेच्या हव्यात. एकेक हळूच सोडा, वरून टाकल्या तर बरणीचा तळ तडकतो.

पातळी किती ठेवावी? बुचाच्या खालच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर खाली. अगदी बुचाला टेकेल अशी भरू नका, कारण वाइन तापली की फुगते. वीस लिटर वाइन दहा अंशांनी तापली तर ५०-६० मिलिलिटर वाढते आणि ती एअरलॉकमधून वर चढते. तिथे वाळलेली वाइन म्हणजे चिलटांना दिलेलं आमंत्रण.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "वर कार्बन डायऑक्साइडची चादर असते, ती जड असते, म्हणून हवा खाली येत नाही," असं पुष्कळ जण सांगतात. फसफस चालू असेपर्यंत हे खरं असतं, कारण चादर सतत नवी होत असते. फसफस थांबल्यावर आणि एकदा झाकण उघडल्यावर वायू एकमेकांत मिसळतात. त्या चादरीवर महिनाभर विसंबू नका.

पावडर किती, हे वाइनचा आंबटपणा ठरवतो

जागा भरली की सल्फाइट खऱ्या अर्थाने कामाला लागतं. पण किती घालायचं याला एकच ठरलेलं माप नाही. जंतूंना आवरतो तो सल्फर डायऑक्साइडचा एक छोटा हिस्सा, आणि तो हिस्सा किती हे पीएचवर ठरतं. पीएच जितका कमी, म्हणजे वाइन जितकी आंबट, तितकी थोड्या पावडरीत जास्त राखण.

पीएच ३.२ असेल तर लिटरमागे २० मिलिग्रॅम मुक्त, म्हणजे वाइनमधल्या कशाशी न बांधलेला, सल्फर डायऑक्साइड पुरतो. ३.४ ला ३२ लागतो, ३.६ ला ५०, आणि ३.८ ला तर ८०. केळी, कलिंगड, पूर्ण पिकलेला आंबा अशा कमी आंबट फळांच्या वाइन वारंवार का बिघडतात, त्याचं उत्तर या आकड्यांत आहे. कलिंगडाच्या रसाचा पीएच ५ च्याही वर असतो. तो तर आंबायला लागण्याआधीच नासू शकतो. अशा फळांना सुरुवातीलाच टार्टारिक ॲसिड घालून पीएच ३.२ ते ३.५ च्या दरम्यान आणावा. लिटरमागे एक ग्रॅमने पीएच साधारण ०.१ ने उतरतो, पण फळागणिक फरक पडतो, म्हणून थोडं घाला, ढवळा, मोजा. सायट्रिक ॲसिड मी यासाठी टाळतो, कारण काही लॅक्टिक जिवाणू त्याचंही ॲसिटिक ॲसिड करतात. पीएच मोजायला साधं मीटर घ्या. कागदी पट्ट्या गडद वाइनमध्ये रंगून जातात, त्यांवरून ३.४ आणि ३.८ यांतला फरक कळणार नाही.

आता वजन. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमध्ये वजनाच्या ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड असतो. समजा वीस लिटर वाइन, पीएच ३.४. लागणारा सल्फर डायऑक्साइड २० गुणिले ३२, म्हणजे ६४० मिलिग्रॅम. भागिले ०.५७, म्हणजे सुमारे १.१ ग्रॅम पावडर. इतकं कमी वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर धरता येत नाही आणि चमच्याने तर नाहीच. मी दहा ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर द्रावण करतो. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ५७ मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड येतो. मग वरच्या वाइनला ११ मिलिलिटर, सुई नसलेल्या सिरिंजने मोजून. द्रावण ताजंच करा, ते दिवसेंदिवस उतरत जातं. पावडरही घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवावी. उघडून वर्ष झालेल्या पाकिटाचा मी भरवसा धरत नाही, ती पावडर भांडी निर्जंतुक करायला वापरतो.

आंबवण संपल्यानंतरच्या पहिल्या मात्रेतला बराच भाग, कधी निम्मा, वाइनमधल्या ॲसिटाल्डिहाइड आणि साखरेशी बांधला जातो आणि राखणीला उरत नाही. म्हणून पहिली मात्रा हिशोबापेक्षा मोठी, ५० मिलिग्रॅमच्या घरात ठेवावी, आणि मुक्त सल्फाइट मोजण्याचा घरगुती संच मिळाला तर आठवड्याने मोजून बघावं. फसफस चालू असताना घालू नका, तेव्हा घातलेलं जवळजवळ सगळं वाया जातं. पावडर वरून भुरभुरवूनही उपयोग नाही. गाळावरून काढताना रिकाम्या बरणीच्या तळाशी द्रावण घाला आणि त्यावर वाइन येऊ द्या, आपोआप मिसळते.

सोडियम मेटाबायसल्फाइट असेल तर त्यात सल्फर डायऑक्साइड ६७ टक्के धरा. पावडर हाताळताना खिडकी उघडी ठेवा आणि डबीत नाक घालू नका. ज्यांना दमा आहे त्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. वाइन कुणाला देताना त्यात सल्फाइट आहे हे आवर्जून सांगावं.

तवंग आला असेल तर आज काय करायचं

चव घ्या. व्हिनेगर नाही, नुसता पांढरा तवंग आहे, तर घाबरू नका. हे काम मी असं करतो.

धुऊन, निर्जंतुक करून लहान बरण्या तयार ठेवायच्या, आणि त्यांच्या तळाशी मोजलेलं सल्फाइटचं द्रावण. सायफनची नळी आधी सल्फाइटच्या पाण्याने भरून घ्यायची आणि तिच्या टोकावर बोट दाबून ठेवून ती तवंगातून सरळ खाली, मधल्या पातळीपर्यंत न्यायची. बोट दाबलेलं असेल तर तवंग नळीत शिरत नाही. मग दुसरं टोक सोडून पहिलं थोडं पाणी बाजूला काढायचं आणि वाइन नव्या बरणीच्या तळाशी, धार न उडवता, भरायची. जुन्या बरणीत तवंग खाली खाली येत राहतो. तो नळीच्या तोंडापासून चार-पाच बोटं वर असतानाच थांबायचं. शेवटचा लिटर-दीड लिटर सोडून द्यायचा. तो जीव तोडून वाचवायचा नाही, सगळी पेरणी त्याच्यातच असते.

नव्या बरण्या मानेपर्यंत भरा. मानेची आतली बाजू सल्फाइटच्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापडाने पुसा. तिथे चिकटून राहिलेल्या ओल्या कड्यावरच नवा तवंग धरतो. मग आठवडाभराने टॉर्च लावून बघा. तवंगाच्या यीस्टला सल्फाइट बऱ्यापैकी सोसतं, म्हणून पावडरीपेक्षा हवा तोडणं हाच त्याचा खरा इलाज आहे.

व्हिनेगरचा वास स्पष्ट येत असेल तर ती वाइन परत येणार नाही. सल्फाइट जिवाणूंना थांबवेल, पण झालेलं ॲसिटिक ॲसिड काढून घेणार नाही. साखर घालून ते झाकतं, निघत नाही. चांगल्या वाइनमध्ये मिसळून पातळ करायचा विचार मनात येतो, मलाही आला होता. तसं केल्याने जिवाणू चांगल्या बरणीतही जातात. ती बरणी दुसऱ्या खोलीत हलवा, तिची नळी आणि बूच वेगळे ठेवा आणि हवं तर तिचं नीट व्हिनेगरच होऊ द्या.

हे सगळं जंतूंचं काम आहे, हे लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात दाखवून दिलं. नासणाऱ्या वाइनचा शोध घ्यायला त्यांना फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने सांगितलं होतं. त्यांनी सुचवलेला उपाय होता वाइन ५० ते ६० अंशांपर्यंत तापवण्याचा. दुधासाठी आपण ज्याला पाश्चरायझेशन म्हणतो त्याची सुरुवात वाइनपासून झाली. घरी मात्र फळाची वाइन तापवली की ताज्या फळाचा वास निघून जातो आणि शिजवल्याची चव येते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

हवा शिरण्याच्या न दिसणाऱ्या वाटा

एअरलॉकमधलं पाणी उडून जातं. उन्हाळी दिवसांत तीन आठवड्यांत ते रेषेखाली गेलेलं असतं आणि कुणाचं लक्ष नसतं. बघण्याचा वार ठरवून टाका. पाण्याऐवजी सल्फाइटचं द्रावण किंवा व्होडका भरली तर त्यात चिलट पडलं तरी नुकसान टळतं. रात्री थंडी पडली की वाइन आकसते आणि एअरलॉक उलटा चालतो, बाहेरची हवा आणि त्यातलं पाणी दोन्ही आत ओढतो. बरणी अशा जागी ठेवा जिथे दिवसा आणि रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही. थंड आणि अंधारी जागा असेल तर उत्तम.

सायफन करताना नळीकडे बघा. सांध्याच्या पुढे बारीक बुडबुड्यांची माळ धावताना दिसली तर तो सांधा हवा ओढतोय. पूर्ण वीस लिटर वाइन त्या बुडबुड्यांमधून जाते. मी सांधा ओल्या हाताने घट्ट आवळतो, तरी थांबलं नाही तर नळीचं टोक कापून नव्याने बसवतो.

तोटीची बादली वापरत असाल तर तोटी पूर्ण खोला. आटे आणि रबरी चकती यांच्या मध्ये मागच्या खेपेचा चिकट थर सापडेल. बाहेरून कितीही धुतली तरी तो तिथेच राहतो. आधी घासून स्वच्छ आणि मग निर्जंतुक, हा क्रम उलटा चालत नाही, कारण मळाखालच्या जंतूंपर्यंत सल्फाइट पोचत नाही. क्लोरीनचं ब्लीच वाइनच्या सामानाला लावू नका. क्लोरीन आणि लाकडी बूच एकत्र आले की ओल्या, कुबट पुठ्ठ्यासारखा वास धरण्याचा धोका असतो. आणि प्लास्टिकची बादली आंबवायला चांगली, मुरवायला नाही. तिच्या भिंतींतून ऑक्सिजन हळूहळू झिरपतो.

गाळाबद्दल थोडक्यात. फसफस थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत जाड गाळावरून वाइन काढा. मेलेला यीस्ट कुजायला लागला की त्याची चव उतरते आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी काढत बसू नका. प्रत्येक वेळी हवा मिसळते आणि माप घटतं. सडक्या अंड्याचा वास येत असेल तेवढाच अपवाद. तो हायड्रोजन सल्फाइडचा, बहुधा यीस्टला नायट्रोजन कमी पडल्याचा. तिथे एकदा मुद्दाम धार उडवत काढलेली चालते, आणि हे जितक्या लवकर कराल तितकं बरं.

गोड ठेवायची असेल तर

गोड वाइनचा धोका वेगळा. उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि बूच उडतं किंवा बाटली फुटते. फुटलेली काच ही चवीची नाही, डोळ्यांची आणि हातांची गोष्ट आहे. हायड्रोमीटरवर, म्हणजे वाइनची घनता मोजणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीवर, आकडा ०.९९० ते ०.९९८ च्या दरम्यान येऊन आठवडाभर हललेला नसेल, तेव्हाच आंबवण संपली म्हणा. एअरलॉक शांत आहे यावरून ठरवू नका. प्रकाशाच्या वळण्यावरून साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर या कामाला घेऊ नका, अल्कोहोलमुळे तो चुकीचा आकडा दाखवतो.

साखर घालायची असेल तर वाइन नितळ झाल्यावर, पोटॅशियम सॉर्बेट आणि सल्फाइट दोन्ही घालून. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ थांबवतं, म्हणून गढूळ, यीस्टने भरलेल्या वाइनमध्ये ते कमी पडतं. प्रमाण लिटरमागे २०० ते २७० मिलिग्रॅम. सल्फाइटशिवाय नुसतं सॉर्बेट कधीच नको. लॅक्टिक जिवाणू सॉर्बेट खातात आणि त्यातून चुरगळलेल्या जिरॅनियमच्या पानांचा वास निर्माण होतो. तो एकदा आला की जात नाही. ज्या वाइनमध्ये मॅलिक ॲसिडचं लॅक्टिक ॲसिड करणारी दुसरी आंबवण मुद्दाम केली आहे, तिच्यात सॉर्बेट वर्ज्य समजा.

बाटल्या भरण्याआधीचा आठवडा

भरायच्या आठ दिवस आधी दोन नमुने काढा. पहिला एका स्वच्छ ग्लासात, अर्धा भरून, वर सुती कापड टाकून चोवीस तास टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी बरणीतून ताजा नमुना काढून पांढऱ्या कागदावर दोन्ही ग्लास शेजारी धरा. उघडा ठेवलेला तपकिरी झाला असेल किंवा वास मेलेला असेल, तर वाइनमध्ये राखण उरलेली नाही. सल्फाइटची मात्रा हिशोब करून पुन्हा द्या, तीन-चार दिवस थांबा आणि परत हाच प्रयोग करा.

दुसरा नमुना छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत मानेपर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि घरातल्या उबदार जागी ठेवा. रोज अंगठ्याने बाटली दाबून बघा. आठ दिवसांत ती टणक झाली, किंवा तळाशी नवा गाळ दिसला, तर आत काहीतरी अजून चालू आहे. त्या दिवशी बाटल्या धुऊन पुन्हा कपाटात ठेवा. बाटली मऊच राहिली आणि ग्लासातला रंग तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरायला घ्या, आणि भरतानाही नळी बाटलीच्या तळापर्यंत नेऊन.